वहिनीची टाकलेली कल्पना

स्पर्धा सुरू व्हायची होती आणि धाकट्याचा गेम आधीच बनवून तयार होता. लबाडी म्हणतात ती हीच. तिला उगाच गोंडस नाव द्यायचं कारण नाही.

ही स्पर्धा कसली, ते आधी सांगायला हवं. दोघादोघांच्या जोड्या एका हॉलमध्ये बसतात. शनिवारी सकाळी एक विषय जाहीर होतो, तोवर तो कुणालाच ठाऊक नसतो. रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर एक छोटा कॉम्प्युटर गेम बनवून दाखवायचा. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची, निदान नियम तरी तसा. रात्री हॉलला कुलूप लागतं, कारण घरी लेकरंबाळं असणाऱ्यांनाही यात उतरता यावं, अशी भरवणाऱ्या बाईंची इच्छा. तपासणी नाही, पहारा नाही. सगळा कारभार शब्दावर. यंदा बक्षीसही तसंच घसघशीत होतं. जिंकणाऱ्या जोडीला एका गेम कंपनीत वर्षभराची पगारी नोकरी, म्हणजे दोघांनी मिळून गेम करायचे, तेही दिवसाढवळ्या, ऑफिसात बसून.

धाकटा पोटासाठी पार्किंगच्या पावत्या छापणारं सॉफ्टवेअर सांभाळायचा. गाडी आत आली, पावती. गाडी बाहेर गेली, पावती. माणूस हुशार होता, पण हात मंद. एकेक ओळ दहा वेळा घोटल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडायचं नाही. त्यामुळे ज्या ज्या स्पर्धेत उतरला, तिथे वेळ संपली तेव्हा याच्या पडद्यावर अर्धवट भिंती आणि न उघडणारी दारं. लोक पाठीवर थाप मारून जायचे. त्या थापेची त्याला इतकी चीड यायची की बोलायची सोय नाही.

मग त्याने मनाशी एक युक्तिवाद रचला. घाईत केलेलं तेवढं अस्सल आणि सावकाश केलेलं खोटं, हे कुणी ठरवलं? एखाद्याला दोन दिवस लागतात, मला दीड वर्ष लागतं. आणि बाकीचे काय धुतल्या तांदळासारखे आहेत? युक्तिवाद तसा अगदीच टाकाऊ नव्हता. फक्त तो त्याने भरवणाऱ्या बाईंसमोर मांडला नाही, आरशासमोर मांडला. आणि दीड वर्षात, ऑफिसातून आल्यावर बसून, त्याने एक गेम घोटून घोटून तयार केला. एक अंधारी इमारत, एक माणूस, हातात कंदील. असा की विषय कुठलाही निघो, वरचं कातडं बदललं की बसला. फक्त चित्रं नव्हती. चित्रांच्या जागी राखाडी चौकोन होते, कारण धाकट्याने माणूस काढला तर तो मुळ्यासारखा दिसायचा.

चित्रांसाठी वहिनी. थोरल्याची बायको. छपाईच्या दुकानात औषधांच्या खोक्यांची आणि साबणाच्या वेष्टनांची डिझाइनं करायची. हात असा की चार रेघांत माणूस उभा करील. तिला त्याने खरं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर तिने भर स्वयंपाकघरात त्याचा कान धरला असता. ‘चित्रं तर ती त्या दोन दिवसांतच काढणार ना, म्हणजे निम्मा गेम खराच,’ अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

वहिनीचं एक दुखणं होतं, आणि ते घरात कुणाला दुखणं वाटत नव्हतं. तिला कल्पना सुचायच्या. कपड्यांचं कपाट असं फिरवलं तर, जिन्यात दिवा तसा लावला तर. थोरला मनाचा वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. “झाली सुरू फॅक्टरी!” म्हणायचा आणि सगळे हसायचे. धाकटाही हसायचा. असं वर्षानुवर्षं झाल्यावर वहिनी प्रत्येक वाक्याच्या आधी “हसू नका हं” म्हणायला लागली, आणि अलीकडे तर बरंच काही गिळून टाकायला लागली. या स्पर्धेचं विचारलं तेव्हा मात्र तिचा चेहरा असा उजळला की धाकट्याला नजर चुकवावी लागली. “भाऊजी, मला खरंच सुचवायला देतील ना हो? म्हणजे गेममध्ये काय असावं ते? दुकानात तर गिऱ्हाईक सांगेल तोच निळा रंग.”

“देतील की,” तो म्हणाला.

स्पर्धा भरवणाऱ्या बाईच परीक्षकही होत्या. शनिवारी सकाळी परीक्षकबाई खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या. आखूड केस, खणखणीत आवाज. “जुना कोड वापरणार असाल तर येऊन सांगा. त्यात लाज नाही, गुणही कापत नाही. फक्त आख्खा गेम घरून आणू नका. तसं करणाऱ्याला मी पकडणार नाही, मला तेवढा वेळ नाही. तो आपला आपणच पकडला जातो.” लोक हसले. धाकटाही हसला, जरा उशिराने. मग विषय जाहीर झाला. ओझं.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. माणसाच्या हातातला कंदील काढायचा, पाठीवर पोतं द्यायचं. तासाभराचं काम.

तेवढ्यात वहिनीने खुर्ची पुढे ओढली. “भाऊजी, हसू नका हं. मला एक सुचलंय.”

“बोल की.”

“एक बाई आहे. दोन्ही हातांत पिशव्या. घरी जायचंय. खाली काही ठेवायचं नाही, रस्ता ओला आहे. आता दार उघडायचं तर हात नाही, फोन वाजला तर हात नाही. मग करायचं काय, तर वाटेत जो भेटेल त्याला म्हणायचं, जरा धरता का? तो धरतो. पण तोसुद्धा आपलं काहीतरी तिच्या हातात देतो! छत्री, नाहीतर पोर, नाहीतर कुत्र्याचा पट्टा. असं करत करत ती कुठल्या कुठे जाते. आणि शेवटी एक माणूस भेटतो, तो नुसतं घेतो, काही देत नाही. तो सापडला की जिंकलो. पण तो ओळखायचा कसा, ते लोकांच्या हातांकडे बघून कळायला हवं.” ती एका दमात बोलली आणि थांबली. “वेड्यासारखं आहे का?”

धाकट्याला ‘हो’ म्हणता येईना. कारण ते वेड्यासारखं नव्हतं. ते झकास होतं. ऐकता ऐकताच त्याच्या डोक्यात तो गेम चालू झाला होता. दोन हात, दोन बटणं, देवाणघेवाण. कोड किती सोपा! त्याच्यासारख्या मंद माणसालासुद्धा दिवसभरात उभा करता आला असता. आणि दीड वर्षं घोटलेल्या त्या अंधाऱ्या इमारतीपेक्षा त्यात जास्त जीव होता, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

इथे माणसाने काय करावं? तुम्ही-आम्ही बाहेर बसून सांगू, अरे, फेकून दे ती इमारत! पण दीड वर्षाच्या संध्याकाळी फेकायला हात धजत नाही.

“वहिनी,” तो म्हणाला, “हा गेम नाही होणार. हा विनोद झाला. एकदा हसतील, पुन्हा कोण खेळणार? आणि कोड करायला आठवडा लागेल. इथे दोन दिवस आहेत.”

“हो का?” वहिनी म्हणाली. “तरी मला वाटलंच.” आणि हसली. ते हसू फार ओळखीचं होतं. थोरल्याने टर उडवली की ती जेवणाच्या टेबलावर तसंच हसायची आणि पानातलं बघायला लागायची. “मग तुम्ही सांगा काय काढू.”

त्याने सांगितलं. पोतं घेतलेला माणूस, जिने, दारं, खिडक्या. प्रत्येक चित्राचं मापही सांगितलं, रुंदी इतकी, उंची इतकी. वहिनी मान खाली घालून काढू लागली.

आता त्याची खरी पंचाईत सुरू झाली. काम करायला कामच नव्हतं. आजूबाजूच्या जोड्या घाम गाळत होत्या, एकमेकांवर खेकसत होत्या, कागद चुरगाळून फेकत होत्या. हा आपला ओळी टाइप करतोय, पुसतोय, परत टाइप करतोय. चेहऱ्यावर कष्ट आणायचे म्हणून कपाळाला आठ्या. दुपारपर्यंत त्या आठ्यांनीच डोकं दुखायला लागलं. वहिनी अधूनमधून विचारायची, “ही दारं बरोबर बसली? लहान-मोठी करायची का?” नाही, सगळं बरोबर बसायचं. बसणारच. खाचा आधीच पाडलेल्या होत्या. “तुमचं प्लॅनिंग म्हणजे कमाल आहे हो,” ती कौतुकाने म्हणाली. त्याने पाणी प्यायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

शेजारच्या टेबलावर एक टोपीवाला आणि त्याची चष्मेवाली जोडीदारीण बसली होती. त्यांच्या गेममध्ये एक गाढव होतं आणि ते हट्टाने उलटं चालायचं. रविवारी सकाळी टोपीवाला दोन-तीनदा धाकट्याकडे बघून म्हणाला, “तुमचं फारच निवांत चाललंय राव!” बोलला तो सहज, पण धाकट्याचं धाबं दणाणलं. म्हणून मग त्याने काय करावं? स्वतःच्याच गेममध्ये एक बिघाड घातला. माणूस जिना चढला की भिंतीतून आरपार जायचा. मग डोकं धरून बसला, सगळ्यांना दिसेल असा.

अडलेल्याला मदत करायची, हा या लोकांचा रिवाज. त्यासाठी बोलवावं लागत नाही. टोपीवाला स्वतःची खुर्ची ओढत आला. “बघू, बघू. असला बग मला गेल्या वर्षी छळून गेलाय.”

“नको, तुमचं काम...”

“अहो, गाढव कुठं पळून जातंय! उलटं तर चालतंय ते.”

आणि तो बसला. मन लावून, जीव ओतून शोधत बसला. धाकट्याला बिघाड कुठे आहे ते माहीत होतं, बोट ठेवून दाखवता आलं असतं. पण दाखवणार कसा? हा नको तिथे शोधत राहिला आणि धाकटा शेजारी बसून “हो का”, “असेल, असेल” करत राहिला. चष्मेवाली तिकडून हाका मारत होती, “अरे, ये ना आता! शेवटचा भाग राहिलाय आपला.” हा म्हणायचा, “आलो, आलो, यांचं अडलंय.” जेवणाची सुट्टी होऊन गेली तेव्हा कुठे त्याला ते सापडलं. लहान मुलासारखा टाळ्या पिटत उठला. धाकट्याने आभार मानले. आयुष्यात इतके लाजिरवाणे आभार त्याने कधी मानले नव्हते.

संध्याकाळी गाढवाच्या गेमला शेवट नव्हता. टोपीवाल्याने पडद्यावर नुसतं लिहिलं, ‘गाढव थकलं, आम्हीही.’ लोक खदखदून हसले. चष्मेवाली हसली नाही.

धाकट्या-वहिनीचा गेम मोठ्या पडद्यावर लागला आणि हॉल चिडीचूप झाला. वहिनीची चित्रं त्या इमारतीत अशी उतरली होती की धाकट्यालासुद्धा आपला गेम नवा वाटला. पोतं घेतलेल्या माणसाची पाठ जिन्यागणिक थोडी थोडी वाकत जायची. हे त्याने सांगितलं नव्हतं, तिने आपल्या मनाने केलं होतं. बघणाऱ्यांपैकी एकाने नकळत स्वतःचे खांदे ताठ केले.

गेम दाखवून झाला की परीक्षकबाई प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायच्या. या दोन दिवसांत तुम्ही काय टाकून दिलंत? त्यांच्या मते, माणसाने काय ठेवलं यापेक्षा काय टाकलं यावरून त्याचं काम कळतं. धाकट्याने याचीही तयारी करून ठेवली होती. एक मुद्दाम बिघडवलेला जिना घरून आणला होता, ‘हा टाकला’ म्हणून दाखवायला. लबाडी करायची तर ती अशी काटेकोर! पण त्याने तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली.

“माझी कल्पना टाकली,” ती हसत म्हणाली. “बरं झालं टाकली.”

“कुठली?” बाईंनी विचारलं.

वहिनीने सांगितली. पिशव्या, ओला रस्ता, छत्री, पोर, कुत्र्याचा पट्टा. हॉलमध्ये हशा पिकला. छान, मोकळा हशा होता तो. एकीने तर मैत्रिणीच्या हातात आपली पर्स देऊन दाखवली. परीक्षकबाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. पण वहिनीला हशाचा एकच अर्थ ठाऊक होता. तिचे कान लाल झाले.

“ही का टाकलीत?” बाईंनी धाकट्याकडे पाहिलं.

सगळा हॉल त्याच्याकडे पाहत होता. “वेळ पुरला नसता,” तो म्हणाला.

बाई पुढच्या जोडीकडे वळल्या.

ते जिंकले. टाळ्या झाल्या, फोटो झाले, कंपनीच्या माणसाने हात हलवून हलवून खांदा दुखवला. टोपीवाल्याने येऊन मिठी मारली. “तो बग सापडला ना, तेव्हाच म्हटलं मी हिला, हे जिंकणार! निम्मं बक्षीस माझं हं!” त्याला खरोखरच आनंद झाला होता. असल्या माणसाचं काय करावं?

धाकटा हॉलबाहेर जिन्यात येऊन बसला. हवं ते सगळं मिळालं होतं, तरी आत थांबवेना. वरच्या वळणावर वहिनी फोनवर थोरल्याशी बोलत होती. “अरे हो, खरंच जिंकलो! नाही रे, मी कसली, भाऊजींनीच केलं सगळं... हो ना. मी आपली इथेही फॅक्टरी सुरू केली होती. सगळ्यांसमोर सांगायचा शहाणपणा पण केला, हसले सगळे. तू म्हणतोस तेच खरं रे. नाही, नाही, आता नाही. तिथे नोकरीत ते सांगतील ते काढायचं आणि गप्प बसायचं. बघच तू.”

फोन ठेवून ती खाली आली आणि त्याच्या शेजारी बसली. दमलेली होती, पण खूश होती. बोटांना पेन्सिलीची काजळी लागलेली. “भाऊजी, बरं झालं तुम्ही मला वेळीच अडवलंत. नाहीतर मी बुडवलं असतं तुम्हाला.”

आता धाकट्याला राहवेना. आतापर्यंत त्याने स्पर्धा फसवली होती, परीक्षकबाई फसवल्या होत्या, टोपीवाला फसवला होता, आणि प्रत्येकासाठी त्याच्याकडे एकेक युक्तिवाद तयार होता. याच्यासाठी नव्हता. आपल्या डोक्यात चांगलं काही उगवतं, हे तिला उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला ते स्वच्छ दिसलं होतं, त्यानेच ते पायाखाली घेतलं होतं. आणि वर ती आभार मानत होती.

“वहिनी, गेम मी आधीच केलेला होता.”

“म्हणजे?”

“दीड वर्षापूर्वी सुरू केला. शनिवारी सकाळी तो पूर्ण होता. तू चित्रं काढत होतीस तेव्हा मी नुसतं नाटक करत होतो. तो बगही मीच घातला होता.”

हॉलमधून खुर्च्या रचल्याचे आवाज येत होते. धाकटा वाट बघत होता, आता बोलेल, आता ओरडेल, नोकरी गेली म्हणेल, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणेल. मनातल्या मनात तो एकेका वाक्याला उत्तर जुळवत होता.

“माझा गेम,” वहिनी म्हणाली, “तो झाला असता?”

हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

“एका दिवसात झाला असता.”

“आणि चांगला झाला असता?”

“माझ्यापेक्षा चांगला.”

“हे तुम्हाला शनिवारीच कळलं होतं?”

“तू बोलत होतीस तेव्हाच.”

वहिनीचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले, काजळी गालाला लागली. “तुमच्या भावाचं एक वेळ ठीक आहे,” ती म्हणाली. “त्याला कळतच नाही त्यातलं, म्हणून हसतो. तुम्हाला कळलं होतं. कळलं होतं आणि तुम्ही मला सांगितलंत की मी वेडी आहे. जिंकायला खोटं बोललात ते आत जाऊन निस्तरता येईल. हे कुठे जाऊन निस्तरणार?”

तो उठला. “मी आत जातो. बाईंना सांगतो.”

“थांबा, मी पण येते.”

“तुझं यात काही नाही, तू कशाला...”

“म्हणूनच येते. तुम्ही तिथे ‘आमचं चुकलं’ म्हणाल. ते मला चालायचं नाही.”

परीक्षकबाई खुर्च्या मोजून घेत होत्या. टोपीवाला दाराशी वायर गुंडाळत उभा होता. धाकट्याने सांगितलं, उभ्या उभ्या, काही न वगळता. इमारतीचं सांगितलं, बिघडवलेल्या जिन्याचं सांगितलं, बगाचं सांगताना टोपीवाल्याकडे बघायची हिंमत झाली नाही, तरी बघितलं. टोपीवाल्याने वायर गुंडाळायची थांबवली, बॅग उचलली आणि निघून गेला. ती पाठ धाकट्याला पुढे बरीच वर्षं दिसत राहिली.

“आणि हिची कल्पना,” धाकटा म्हणाला, “वेळेअभावी नाही टाकली. ती चांगली होती म्हणून टाकली. ती घेतली असती तर माझा गेम दाखवता आला नसता.”

बाईंनी निकालाची पाटी फळ्यावरून काढली. आरडाओरडा केला नाही, उपदेशही केला नाही. “बक्षीस जोडीला असतं,” त्या वहिनीला म्हणाल्या. “जोडी बाद, म्हणजे तुम्हीही. मला वाईट वाटतं, पण नियम आहे.”

“बरोबर आहे,” वहिनी म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते. धाकटा दोन पावलं मागून चालत होता, शेजारून चालायचा धीर नव्हता. कोपऱ्यावर वहिनी थांबली आणि तिने फोन काढला. पलीकडे थोरल्याने हसतच उचलला असावा, कारण ती म्हणाली, “थांब, थांब, पार्टीचं राहू दे. आम्ही हरलो... हो, मघाशी जिंकलो होतो, आता हरलो. कसं ते भाऊजी सांगतील, त्यांच्याच तोंडून ऐक. मी त्यासाठी नाही फोन केला.”

धाकटाही जागच्या जागी थांबला.

“माझी कल्पना चांगली होती,” वहिनी म्हणाली. “एवढंच सांगायचं होतं. आणि यात हसण्यासारखं काही नाही.”